तिसऱ्या देशाचे प्रस्थान

भाद्रपदाची पौर्णिमा सरली की रायपूरच्या हवेत एक जडपणा येतो. पाऊस संपलेला नसतो, पण त्याच्या येण्याला आता शिस्त उरलेली नसते. दुपारी ऊन चटके देते आणि संध्याकाळी तलावावरून येणारा वारा अंगाला चिकटतो. तेलीबांधा तलावाच्या काठावर गणपतीचे मांडव उतरवण्याचे काम चाललेले असते. बांबू एकीकडे, कनाती एकीकडे, आणि मध्ये चिखलात रुतलेले थर्मोकोलचे कमळ. नव्या रायपूरकडे जाणाऱ्या रुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काशाची पांढरी फुले उभी असतात आणि त्यांच्यामागे धान पोटरीवर आलेले असते. पृथ्वी भरलेली, आणि घरे मात्र गेलेल्यांच्या आठवणीने रिकामी, असा हा पंधरवडा. लग्नाची बोलणी या दिवसांत होत नाहीत, नवे वस्त्र अंगावर चढत नाही, प्रवासाला कोणी निघत नाही. आमच्या पितरांनी स्वतःसाठी एवढीच एक शांतता मागून घेतली आहे.

यंदा पक्ष सुरू होण्याच्या आदल्या दिवशी मी मृणालच्या कार्यालयात गेलो होतो. मृणाल माझ्या धाकट्या भावाची मुलगी. लोकांना परदेशी पाठवण्याचा तिचा व्यवसाय आहे. तेलीबांध्याच्या एका नव्या इमारतीत काचेचे दार असलेली तिची छोटी जागा आहे. भिंतीवर निळ्या समुद्राची चित्रे आणि कोपऱ्यात गणपती. मी बसताच ती म्हणाली, “काका, श्रीदादाचं तिकीट होऊन गेलं. नवमीच्या आधी पोचते. काही लागत नाही आता. टेस्ट नाही, सर्टिफिकेट नाही, कोणी विचारत नाही. फक्त यायचं.”

श्रीधर माझा एकुलता मुलगा. आखातातल्या एका देशात अभियंता आहे. तो येणार याचा आनंद मला झाला, हे खोटे नाही. पण तिचे ते ‘फक्त यायचं’ मी घरी येईपर्यंत मनात घोळवत राहिलो. एक ऋतू असा होता की त्या दोन शब्दांसाठी आम्ही पृथ्वीचा नकाशा उलथापालथा केला होता.

महामारीच्या दुसऱ्या वर्षीच्या वैशाखाबद्दल मी फार लिहीत नाही. ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगण्याची गरज नाही, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून समजणार नाही. माझे आयुष्य पाठशाळेत संस्कृत शिकवण्यात आणि उरलेल्या वेळी पंचांग पाहून लोकांना दिवस सांगण्यात गेले. त्या वैशाखात मला कोणी दिवस विचारला नाही. फोन येत. पलीकडे कोणाचा तरी मुलगा स्मशानाच्या फाटकाशी उभा असे, आत जाण्याची परवानगी एकालाच, आणि मी माझ्या देवघरात बसून फोनवरून अंत्येष्टीचे मंत्र म्हणत असे. पलीकडे ज्वाळेचा आवाज येई. कधी तो मुलगा विचारी, “गुरुजी, अब क्या करूँ?” आणि मी सांगे, प्रदक्षिणा कर. तो म्हणे, जागा नाही.

आषाढात ती लाट ओसरली. मरणे थांबली नाहीत, पण रांगेने येणे थांबले. मग जे उरले होते त्यांना बाहेर पडायचे होते. कोणाला व्यापारासाठी, कोणाला शिक्षणासाठी, आणि पुष्कळांना केवळ आपण उरलो आहोत हे स्वतःला पटवण्यासाठी. माझी प्रवचने बंद होती, देवळाला कुलूप होते. दुपारी मी मृणालच्या कार्यालयात जाऊन बसू लागलो. तिच्या टेबलावर एका बाजूला तिचा संगणक आणि दुसऱ्या बाजूला माझे पंचांग. संगणकावर जगाचा नकाशा असे आणि त्यात देश रंगवलेले असत. हिरवे ते येऊ देणारे, पिवळे ते अटी घालणारे, तांबडे ते दार लावून बसलेले. भारतातून येणाऱ्यांसाठी बहुतेक पृथ्वी तांबडी होती.

“काका,” ती म्हणे, “तुमचं पंचांग वर्षातून एकदा छापते. माझं रोज सकाळी बदलून राहिलं.”

लोक येत आणि विचारत ते एकच. पूर्वी माणसे देश निवडत ती तेथे काय पाहायचे आहे यावरून. कुठे पर्वत, कुठे देवालय, कुठे बाजार. आता कोणी पर्वताचे नाव काढत नव्हते. कोणता देश कमी विचारतो, एवढाच प्रश्न होता. अभनपूरचा एक राईस मिलवाला मुलाच्या लग्नानंतरच्या सहलीसाठी आला होता. खुर्चीत बसता बसताच म्हणाला, “दीदी, ऐसा देश बताओ जहाँ कोई नाक में काडी न डाले.”

मृणालने मान वर न करता उत्तर दिले, “भैया, ऐसा देश तो आपका घर ही है.”

तो मनापासून हसला. त्या काळात हसण्याचा आवाज कानाला अनोळखी वाटे. मी पंचांगातून मान वर करून त्याच्याकडे पाहिल्याचे आठवते.

आमचा स्वतःचा प्रश्न श्रावणात उभा राहिला. माझ्या पत्नीला सगळे माई म्हणत. तिचा स्वतःचा मुलगा तेवढा आई म्हणे. तिचे माहेर वऱ्हाडातले, आणि माझ्याबरोबर सारे आयुष्य काढूनही तिने आपली बोली सोडली नव्हती. तिचे हृदय दोन वर्षांपासून थकत चालले होते. श्रावणात डॉक्टरांनी मला बाहेरच्या बाकावर बसवून सांगितले की आत्ता त्या प्रवास करू शकतील. दिवाळीनंतरचे सांगता येत नाही. मी घरी आलो.  ती देवापुढच्या वाती वळत होती. थोड्या वेळाने म्हणाली, “श्रीले एकदा पाहायचं आहे. फोनवरचा नाही. हात लावून.”

एवढीच तिची मागणी होती, आणि तीच त्या वर्षी सगळ्यात अवघड होती.

श्रीधर जेथे राहतो तेथे भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना प्रवेश नव्हता. तो इकडे येऊ शकत होता. कोणतेही राष्ट्र माणसाला बाहेर जाताना फारसे अडवत नाही. पण परत जाताना त्याला एखाद्या तिसऱ्या देशात दोन आठवडे काढल्याशिवाय आत घेतले नसते. रजा मिळत होती ती पंधरा दिवसांची. म्हणजे तो रायपूरला आला असता तर आईच्या पायावर डोके ठेवून त्याच पावली निघावे लागले असते, नाहीतर नोकरीवर पाणी सोडावे लागले असते. त्याच्या पत्नीचे आणि दोन मुलींचे तेथे राहणे त्या एकाच नोकरीच्या आधारावर होते.

हिशेब मृणालने मांडला. “काका, मग दादाले इकडे आणायचंच काहून? जो देश तुम्हालेही घेते आणि दादालेही घेते, तिथं सगळे जा ना. पंधरा दिवस एका घरात राहा. तो तिकडून परत, तुम्ही इकडून परत.”

मी आयुष्यात अनेकांच्या यात्रेचे दिवस काढून दिले. काशीचे, गयेचे, रामेश्वराचे. कोणी देशच शोधून द्या म्हणून आले नव्हते. आता मुलाला भेटण्यासाठी, जो ना त्याचा ना आमचा असा एक देश आम्ही शोधत होतो. त्याचा इतिहास आम्हाला नको होता, त्याची भाषा नको होती. त्याने दार थोडे किलकिले ठेवावे, एवढेच पुरे होते. आतिथ्याविषयी मी पुष्कळ वर्षे शिकवले आहे. पण अतिथीच यजमान शोधत फिरतो आणि त्याची परीक्षा पाहतो, ही अवस्था माझ्या पाठात कधी आली नव्हती.

पहिली निवड मालदीवची झाली. तपासणीचा निकाल दाखवला की तेथे आत घेत होते, आणि मुंबईहून विमान जवळचे होते. समुद्र ओलांडण्याविषयी जुन्या ग्रंथांत काय सांगितले आहे ते माझ्या मनात आले असावे, कारण माई माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाली, “आता समुद्राचा नियम नका सांगू मले. लेकराले भेटायले चालली आहे मी.”

“मी काही बोललो नाही,” मी म्हणालो.

“तुमचं न बोलणंही संस्कृतात असते.”

मृणाल तोंड फिरवून हसली. पण समुद्राचा नियम मोडायला निघालेली ही बाई दुसऱ्या एका नियमाशी अडली. विमानाचा दिवस पौर्णिमेच्या अलीकडे राहतो की पलीकडे जातो याची खात्री नव्हती, आणि पितृपक्षात ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नव्हती. रुग्णाला शास्त्र सवलत देते, आपत्काळात तर सगळेच नियम नम्र होतात, हे मी तिला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हटले, “तुमच्या शास्त्राले माह्या सासूबाई माहीत नाहीत. त्या पक्षात जेवायले येतील आन् त्यायच्यासमोरून मी घर सोडून जाईन, असं नाही होणार.” मग जरा थांबून म्हणाली, “प्रस्थान ठेवू. गणपतीतच निघून जाऊ.”

आजच्या वाचकाला ही चाल कदाचित ठाऊक नसेल. चांगला मुहूर्त आला पण प्रत्यक्ष निघणे काही दिवस पुढे असेल, तर प्रवाशाची एखादी वस्तू, वस्त्र, सुपारी, मूठभर तांदूळ, ज्या दिशेला जायचे त्या दिशेच्या शेजाऱ्याकडे मुहूर्तावर नेऊन ठेवतात. तेवढ्याने प्रवास सुरू झाला असे मानतात. पुढे काही दिवसांत माणूस निघाला की ती वस्तू वाटेत उचलून घ्यायची. मधले दिवस तो देहाने घरात असतो, पण निघालेला असतो. पूर्वी नद्यांना पूर येत, बैल आजारी पडत. माणसाच्या अडचणी आणि काळाची शुद्धी यांचा मेळ घालायला आमच्या पूर्वजांनी ही कोमल युक्ती काढली असावी.

गणपतीतला एक चांगला दिवस मी काढला. माईने लाल खणात गाठोडे बांधले. एक नवी हिरवी साडी, हळकुंड, सुपारी, तांदूळ, माझे एक उपरणे, आणि एका डब्यात रखियाच्या बऱ्या. कोहळ्याच्या या वाळवलेल्या वड्या ती साहूभाभींकडून शिकली होती आणि श्रीधरला लहानपणापासून त्यांचे वेड. मालदीव दक्षिणेला, दक्षिणेकडचे घर साहूंचे. साहूभाभी गल्लीतल्या जुन्या रहिवासी, वयाने माईएवढ्याच. त्यांनी दोन्ही हातांनी गाठोडे घेतले, आपल्या देवाजवळ ठेवले आणि खिडकीतून छत्तीसगढीत हाक देऊन काळजी नको म्हणून सांगितले, “माई, तोर मोटरी मोर देवता करा माढ़े हे. फिकर झन कर.”

“हव,” माई म्हणाली. त्या दिवसापासून ती आपल्याच घरात जरा परक्यासारखी वावरू लागली. स्वयंपाकघरात नवा डबा उघडला नाही. तुळशीला पाणी मला घालायला सांगितले. “मी निघाली आहे ना,” असे म्हणून खाटेवर बसून राही आणि आमच्या घराकडे पाहुण्याच्या नजरेने पाही.

चार दिवसांनी श्रीधरचा फोन आला. मालदीवला इतके भारतीय जमले होते की तेथून येणाऱ्यालाही भारतातून आल्यासारखेच धरण्याचे त्याच्या कंपनीने ठरवले होते. तो देश आमच्यासाठी हिरवा होता आणि त्याच्यासाठी रात्रीतून तांबडा झाला.

मृणाल पुन्हा नकाशापुढे बसली. नेपाळचा मार्ग बंद. एक देश सहा महिन्यांच्या बँकेच्या नोंदी मागत होता. एका देशाच्या यादीत मला आणि माईला टोचलेल्या लशीचे नाव नव्हते. आम्ही श्रद्धेने दंड पुढे केला होता, पण त्या देशाच्या दृष्टीने आम्ही काही घेतलेच नव्हते. अखेर आर्मेनिया उरला. मी त्याचे नाव कानाने ऐकले होते, पण तो कोठे आहे हे मला नकाशात पाहावे लागले. डोंगरांचा लहानसा देश. निघताना तपासणीचा निकाल दाखवायचा, एवढीच त्याची अट. लस घेतली का, कोणती घेतली, काही विचारत नव्हता. दिल्लीहून थेट विमान होते. डॉक्टर म्हणाले, “जाऊ द्या त्यांना.” विमानाचा दिवस पितृपक्षात पडत होता, पण माईच्या लेखी ती गणपतीतच निघालेली होती. मीही माझ्या आई-वडिलांचे श्राद्ध सर्वपित्रीला तेथेच करायचे ठरवून दर्भ आणि तीळ पिशवीत टाकले.

अडचण एकच निघाली. आर्मेनिया पश्चिमेला, आणि गाठोडे दक्षिणेला.

ठेवलेल्या प्रस्थानाची दिशा बदलता येते का, असा प्रश्न मला माझ्या गुरूंनी कधी विचारला नाही आणि मी कोणाला विचारला नाही. जगाने तशी वेळच आणली नव्हती. मी उत्तर शोधत असताना माई म्हणाली, “देश बदलते तं प्रस्थान काहून नाही बदलणार?” आणि तिने साहूभाभींना हाक मारली. साहूभाभी गाठोडे छातीशी धरून आमच्या दारावरून गेल्या. आमच्या घरात ते आणायचे नाही, हे त्यांना न सांगता समजले होते. पश्चिमेच्या टोकाला वानखेडे राहत. रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळचे अमरावतीकडचे, थट्टेखोर. त्यांनी ते घेतले आणि रस्त्यावरूनच ओरडले, “माई, लगेज तं येऊन गेलं. पॅसेंजर कवा येऊन राहिला?”

“सिग्नल भेटू द्या,” माई खाटेवरून म्हणाली.

त्या आठवड्याइतकी आनंदी मी तिला त्या वर्षी पाहिली नाही. श्रीधर आमच्या विमानाच्या दोन दिवस आधी येरेवानला, आर्मेनियाच्या राजधानीत, पोचला. त्याने एक घर भाड्याने घेतले होते. फोनवरून त्याने तिला सगळे दाखवले. स्वयंपाकघर, गॅस, खिडकीतून दिसणारा बर्फाचा डोंगर, आणि शेवटी आमच्यासाठी मांडलेल्या दोन खाटा. आईला उंच उशी लागते म्हणून त्याने एका खाटेवर दोन उशा ठेवल्या होत्या. माईने फोन डोळ्यांजवळ नेऊन ती खाट पाहिली. “खिडकीपासून थोडी दूर कर,” तिने सांगितले. त्याने लगेच ती सरकवली. लोखंड फरशीवर घासल्याचा आवाज आमच्या रायपूरच्या खोलीत आला.

आता जे सांगायचे ते सावकाश सांगतो.

प्रस्थान फार दिवस टिकत नाही, त्यालाही मर्यादा आहे. दिशा बदलण्यात आणि विमान ठरण्यात ती मर्यादा उलटून गेली. नव्याने ठेवायचे तर पक्ष लागलेला. मी म्हटले, मनात भाव असला म्हणजे झाले. पण तिने लहानपणी वडीलधाऱ्यांकडून ऐकले होते की प्रस्थान शिळे झाले तर प्रवाशाने स्वतः जाऊन त्या घरी एक मुक्काम करावा. मग ते पुन्हा जिवंत होते. ती म्हणाली, तेवढे करते. वानखेड्यांचे घर हाकेच्या अंतरावर होते. दिवे लागायच्या सुमाराला मी तिचा हात धरून तिला तेथपर्यंत पोचवले. ती मध्ये दोनदा थांबली. वानखेडे फाटकाशी उभे होते. पंख्याची खोली त्यांनी तिच्यासाठी रिकामी केली होती. ती म्हणाली, “झाला प्रवास सुरू.” ते म्हणाले, “पहिलं स्टेशन, माई. चहा इथंच भेटते.”

सकाळी मी तिला घेऊन आलो. दुपारी तपासणीवाला मुलगा घरी येऊन आम्हा दोघांच्या नाकातून नमुने घेऊन गेला, कारण विमान त्याच्या निकालाशिवाय घेणार नव्हते. संध्याकाळी वानखेड्यांच्या सुनेला ताप भरला. दुसऱ्या दिवशी निकाल आले. माझा निर्दोष होता. माईचा नव्हता.

एका रात्रीत असे होते का, हे मला माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, रोग आधीही कोठून तरी आला असेल. बाजारवाला, दूधवाला, कोणीही. असेल. तो कोणाकडून कोणाकडे गेला, हा प्रश्न वानखेड्यांनी कधी विचारला नाही आणि आम्ही त्याचे उत्तर कधी दिले नाही. पण त्या दिवसानंतर त्या माणसाने आमच्याशी एकही थट्टा केली नाही, आणि अजूनही करत नाही. माईला ताप आला नाही, खोकला आला नाही. तिला काहीच झाले नव्हते. कागदावर एक शब्द लिहिला गेला होता आणि तेवढ्याने डोंगरांचा तो देशही बंद झाला.

ती मागच्या खोलीत, मी पुढच्या. मध्ये दार. त्या दाराशी मी ताट ठेवत असे. श्रीधर त्या परक्या शहरात दोन मांडलेल्या खाटांसमोर बसून होता. त्याची रजा त्याच्या डोळ्यांदेखत संपत होती. तो रोज फोन करी, आणि दाराआडून मला दोघांचे आवाज ऐकू येत. एके दिवशी तो म्हणाला, “आई, मी येतो तिकडे. इथून दिल्लीला विमान आहे.”

“आन् परत?”

“परतीचं मागून पाहू.”

“मागून कोण पाहते? पोरींची शाळा पाहते?”

“दुसरी नोकरी मिळेल.”

“कुठं मिळेल? साऱ्या जगाले कुलूप आहे.” ती दमली होती, शब्दांच्या मध्ये श्वास ऐकू येत होता. “तू येशील आन् मले पाहून तुझ्या मनात येईल, ही तं बरीच आहे, हिच्यासाठी घर मोडलं. ते मले नाही पाहवणार. तू आपल्या जागी राह्य.”

 तो म्हणाला, “बरं.”

तो लहानपणापासून सांगितलेले ऐकणारा मुलगा. आम्ही त्याला तसेच वाढवले आणि त्याबद्दल लोक आमचे कौतुक करीत.

पंधरवडा संपला आणि तो त्या देशातून आपल्या कामावर परत गेला. पुढे माईचा निकाल निर्दोष आला, पण तोवर श्रीधरची रजा उरली नव्हती, आणि तिच्यात जाण्याची शक्तीही उरली नव्हती. कार्तिकात, देवदिवाळीच्या अलीकडे, एका सकाळी ती वाती वळता वळता थांबली. रोगाने नव्हे, हृदयाने. स्मशानात गर्दी नव्हती. प्रदक्षिणेला जागा होती. अग्नी मी दिला. श्रीधर फोनवर होता आणि मंत्र या वेळी समोरच म्हणायचे असल्यामुळे फोन मृणालने धरला होता. मी त्याला काय दिसत असेल याचा विचार न करता मंत्र पूर्ण केले. शिकलेले कधी कधी असे माणसाला ओढून नेते.

पुढच्या वर्षी जगाने आपली दारे एकेक करून उघडली. नकाशावरचे रंग पुसले गेले. मृणालच्या कार्यालयात लोक पुन्हा समुद्राची चित्रे पाहून देश निवडू लागले. हे योग्यच आहे. आयुष्यभर कोणी भीतीने देश निवडू नयेत. मी कधी कधी त्या रंगलेल्या नकाशाचा विचार करतो. त्या देशांनी आमच्यावर राग धरला नव्हता. प्रत्येकाने आपल्या माणसांसाठी उंबऱ्यावर एक काठी आडवी ठेवली, आणि प्रत्येक काठीमागे कोणाची तरी आई होती. मग दोष कोणाला द्यायचा? मी रोज संध्येनंतर क्षणभर डोळे मिटतो आणि हा प्रश्न ईश्वरापुढे ठेवतो. तो उत्तर देत नाही. त्याच्या मौनाला शांती म्हणायला मी अजून शिकतो आहे.

सौभाग्यवती गेलेल्या स्त्रीचे श्राद्ध अविधवा नवमीला होते. काल ती झाली. श्रीधर परवा आला. दाराची कडी वाजवली आणि आत आला, इतके सोपे. काल त्याने विधी केला, मी सांगितला. नंतर आम्ही दोघेच जेवायला बसलो. साहूभाभींनी बऱ्यांची भाजी पाठवली होती. बाहेर ऊन पडले होते आणि तलावाकडून मांडव उतरवणाऱ्यांच्या हातोड्यांचे आवाज येत होते. त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले आहेत, हे माझ्या लक्षात आले.

“नाना,” तो म्हणाला, “त्या वेळी मी येरेवानच्या विमानतळापर्यंत गेलो होतो.”

मी हात थांबवला.

“दिल्लीचं तिकीट काढलं होतं. आईनं नको म्हटल्यावर दोन दिवसांनी. सामान घेतलं नाही, तसाच गेलो. आत शिरण्याआधी तिला फोन केला.”

“काय म्हणाली?”

“परत फीर म्हणाली. मी फिरलो.” तो ताटाकडे पाहत होता. “मी फोन करायलाच नको होता. सरळ येऊन दारात उभं राहायला पाहिजे होतं.” मग त्याने वर पाहिले. एवढ्या वर्षांत प्रथमच त्याने मला असा प्रश्न विचारला, ज्याचे उत्तर कोणत्याही ग्रंथात पाहावे लागत नाही. “न विचारता आलो असतो, तर आई रागावली असती का, नाना?”

त्याला बरे वाटेल असे एक उत्तर माझ्यापाशी होते. पण श्राद्धाच्या दिवशी खोटे बोलू नये.

“रागावली असती,” मी म्हणालो. “आणि मग तुझं पान वाढलं असतं.”